निर्णय झाल्यावर आम्हाला बोलावू नका

सार्वजनिक आरोग्याची धोरणे ठरवणाऱ्या तज्ज्ञ समित्यांच्या सदस्यांना आणि त्यांच्या शिफारशींवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

तुमच्या बैठकीत जे ठरते ते लोकांना कळेल अशा भाषेत उतरवणे हे माझे काम. पत्रके, प्रसिद्धिपत्रके, पत्रकार परिषदेआधी मंत्र्यांच्या हातात द्यायचे टिपण, मदतवाहिनीवर बसणाऱ्यांसाठीची प्रश्नोत्तरे. असे काम करणारी माणसे जवळजवळ प्रत्येक आरोग्ययंत्रणेत असतात आणि त्यांना बोलावण्याची वेळही जवळजवळ सगळीकडे एकच असते: निर्णय झाला, सही झाली, उद्या सकाळी जाहीर करायचे, "तेवढं जरा सोपं करून द्या." वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

घाईची तक्रार नाही. साथीच्या दिवसांत घाई सगळ्यांनाच असते. अडचण अशी की आमच्यापर्यंत कागद येतो तोवर सांगण्याजोगे जे काही होते ते बैठकीच्या खोलीतच राहिलेले असते. कोणत्या दोन पर्यायांत ओढाताण झाली, कोणती माहिती हाताशी नव्हती, कोणते सदस्य शेवटपर्यंत साशंक होते, पारडे कशामुळे फिरले, यातले काहीच आमच्या हाती पडत नाही. इतिवृत्तात त्या सगळ्याचे "सविस्तर चर्चेअंती" एवढे दोन शब्द उरतात. त्या दोन शब्दांतून लाखो लोकांना पटेल असे कारण काढायचे असते, आणि खरे कारण माहीत नसले की कारण रचले जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे. लोकांना काय आणि कसे सांगायचे, हा निर्णयाचाच एक भाग आहे. जो निर्णय त्याच्या खऱ्या कारणांसकट उघड सांगता येत नाही, तो अजून कच्चा आहे असे समजून पुन्हा चर्चेला घ्यावा.

उदाहरणासाठी फार मागे जायला नको. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या वतीने जनतेला आरोग्यसल्ला देणाऱ्या प्रमुख डॉक्टरने, जाहीरपणे लिहिले की लोकांनी मास्क विकत घेणे थांबवावे, सर्वसामान्यांना संसर्गापासून वाचवायला ते परिणामकारक नाहीत. आणि त्याच दमात पुढे, डॉक्टर-परिचारिकांना ते मिळाले नाहीत तर त्यांना आणि सगळ्या समाजाला धोका आहे. उपयोग नसलेली वस्तू डॉक्टरांना मात्र हवीच, यातली विसंगती शाळकरी मुलालाही दिसावी. ३ एप्रिलला त्याच देशाच्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेने, सर्वांना कापडी मास्क वापरण्याची शिफारस केली. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होतो हे मधल्या काळात अधिक स्पष्ट झाले होते, हे खरे. पण पहिल्या सल्ल्यामागे टंचाई हे मोठे कारण होते आणि ते सांगायला लाजण्यासारखे काही नव्हते. "मास्क कमी आहेत, आधी रुग्णालयांना लागतील, तुटवडा संपेपर्यंत थांबा" हे सगळ्यांनी ऐकले असते असे मी म्हणत नाही. काहींनी तरीही साठे केले असते. पण महिन्याभराने सल्ला बदलला तेव्हा "तेव्हा खोटे बोललात की आता?" हा प्रश्न तरी उभा राहिला नसता. ताकाला जाऊन भांडे लपवले की असे होते.

त्याच सुमारास, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर सांगितले की कोविड हवेतून पसरत नाही, आणि या विधानावर "वस्तुस्थिती" असा शिक्काही मारला. एवढे ठाम बोलण्याइतका पुरावा त्या दिवशी कोणाकडेच नव्हता. एखाद्या गोष्टीचा पुरावा अजून मिळालेला नाही आणि ती गोष्ट होत नाही, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे संघटनेतल्या शास्त्रज्ञांना माहीत नव्हते असे कसे म्हणावे? जुलैमध्ये हवेतून पसरण्याचा धोका मान्य करा असे सांगणारे एक जाहीर पत्र २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने निघाले. संघटनेची भाषा मात्र २०२१ मध्ये बदलली. तोवर लोक दारांच्या कड्या पुसत होते आणि खिडक्या बंद होत्या.

पण या विषयावर मला सगळ्यांत जास्त शिकवणारे प्रकरण जुने आहे: ब्रिटनमधला गायींचा मेंदूरोग, बीएसई. १९८६ मध्ये तो गुरांमध्ये ओळखला गेला. माणसाला त्यापासून काही धोका आहे का, हे पाहायला नेमलेल्या साउथवुड समितीने १९८९ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटले होते की मानवी आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी दिसते. आणि लगेच पुढे असेही की आमचा हा अंदाज चुकला, तर परिणाम अत्यंत गंभीर असतील. प्रामाणिक शास्त्रज्ञ जसे लिहितात तसेच समितीने लिहिले होते. मग त्या जोडवाक्याचे काय झाले? पहिले वाक्य पुढची काही वर्षे मंत्र्यांच्या भाषणांत, पत्रकांत, संसदेतल्या उत्तरांत फिरत राहिले आणि दुसरे फाइलमध्ये राहिले. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीला बीफबर्गर देऊ केला. त्यापेक्षा जास्त खात्रीने कोणी बोलू शकत नाही.

२० मार्च १९९६ रोजी त्याच सरकारने संसदेत सांगितले की तरुण रुग्णांमध्ये आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या घातक आजाराचा संबंध बीएसईशी असावा. ब्रिटनमध्ये त्या आजाराने पुढे एकूण १७८ माणसे दगावली. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीचा अहवाल ऑक्टोबर २००० मध्ये आला. त्याचा निष्कर्ष मी प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने वाचावा असे म्हणेन. सरकार खोटे बोलले नाही, असे तो म्हणतो. धोका खरोखरच नगण्य आहे असे सरकारला वाटत होते. पण लोक घाबरून टोकाला जातील, या भीतीने सरकारला पछाडले होते. म्हणून धीर देण्याची मोहीम चालली, तात्पुरते मत पक्के विज्ञान म्हणून मांडले गेले, आणि सत्य बाहेर आले त्या दिवशी लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले.

म्हणजे पाहा, कोणाचाच हेतू वाईट नव्हता. गुरांच्या खाद्यावर आणि कत्तलीतल्या अवयवांवर निर्बंधही घातले गेले होते. पण धोका नाहीच असे एकदा सांगून ठेवल्यावर ते निर्बंध काटेकोरपणे पाळायचे तरी कशासाठी, हे कत्तलखान्यातल्या माणसाला कोण पटवणार? चुकीच्या सांगण्याने असे धोरणही भुसभुशीत होते. हा मुद्दा समित्यांच्या चर्चेत मला क्वचितच ऐकू येतो. संवाद म्हणजे जनतेची समजूत घालणे, एवढ्यावरच तिथे सगळे थांबतात.

"लोकांना अनिश्चितता झेपत नाही" हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे की ते कुठल्या तरी नियमावलीत छापलेले असावे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यामागचा हिशेब. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्ये हा समज तपासून पाहिला. आकड्यासोबत तो किती मागेपुढे असू शकतो हेही आकड्यांतच सांगितले, तर लोकांचा विश्वास किंचित कमी झाला, फारसा नाही. "याबाबत काही अनिश्चितता आहे" असे मोघम सांगितले, तेव्हा तो जास्त घसरला. लोकांना खटकतो तो गुळमुळीतपणा. नेमकी शंका त्यांना झेपते.

आता आकड्यांकडे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीतल्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. "दुप्पट" हे खरे होते. पण कशाच्या दुप्पट? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे साधारण एकीला हा त्रास होई, नव्या गोळ्यांनी तो दोघींना. गरोदरपणात हाच धोका याहून जास्त असतो, हे वाक्य बातम्यांच्या गदारोळात हरवले. अनेक डॉक्टरांच्या हातात समितीचे पत्र पडण्याआधी बातमी रुग्णांपर्यंत पोहोचली होती, त्यामुळे विचारायला गेलेल्या बाईला डॉक्टरही काही सांगू शकत नव्हते. कित्येकींनी गोळ्या मध्येच सोडल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुढच्या वर्षी त्यामुळे सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले, असा अंदाज केला जातो. समितीचे शास्त्र बिनचूक होते. एका शब्दासोबत मूळ आकडा दिला गेला नाही आणि ज्या धोक्यापासून स्त्रियांना वाचवायचे होते त्याहून मोठ्या धोक्यात त्या ढकलल्या गेल्या. त्या समितीत "सातहजारांत एक म्हणू या का?" असे विचारण्याचा अधिकार असलेले कोणी असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी त्याच देशाने हेच काम नीट करून दाखवले. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर अगदी थोड्या लोकांना प्लेटलेट कमी होऊन गंभीर स्वरूपाच्या गुठळ्या होत होत्या. ७ एप्रिल २०२१ च्या पत्रकार परिषदेत केंब्रिजच्या विंटन सेंटरने तयार केलेल्या आकृत्या पडद्यावर दाखवल्या गेल्या: वयोगटानुसार एका बाजूला लशीमुळे होऊ शकणारी गंभीर इजा, दुसऱ्या बाजूला लशीमुळे टळणारी अतिदक्षता विभागातली भरती. संसर्ग कमी असताना २० ते २९ वयोगटात दर लाखामागे इजा १.१ आणि टळणारी भरती ०.८. साठीतल्या लोकांत इजा ०.२ आणि टळणारी भरती १४.१. तिशीच्या आतल्यांना दुसरी लस का द्यायची आणि त्यांच्या आईवडिलांनी हीच का घ्यायची, हे समजायला यापुढे भाषणाची गरज नव्हती. ब्रिटनमधले लसीकरण पुढेही जोरात चालू राहिले. यात शैलीची करामत काही नाही. समितीने ज्या आकड्यांवर निर्णय घेतला तेच आकडे लोकांसमोर ठेवले गेले, आणि ते मांडणारे लोक निर्णयाच्या आसपास होते.

निर्णय पुन्हा कधी तपासणार, हे सांगण्याबद्दलही थोडे लिहायला हवे. १९७६ मध्ये फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला, आणि २४ मार्चला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी संपूर्ण अमेरिकेच्या लसीकरणाची घोषणा केली. लस तयार करणे आणि ती सर्वांना टोचणे हे दोन वेगळे निर्णय होते. पहिला लगेच घेऊन दुसरा साथीची चाहूल पाहून घेता आला असता. दोन्ही एकाच घोषणेत बांधले गेले. साथ आलीच नाही. चार कोटींहून अधिक लोकांना लस दिल्यावर, लाखात साधारण एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा होत असल्याचे दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. मध्ये थांबून पाहण्याची जागाच ठेवलेली नव्हती. थांबणे म्हणजे माघार, असे चित्र घोषणेनेच तयार केले होते.

जपानचे उलट झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस तिथे एप्रिल २०१३ मध्ये नियमित कार्यक्रमात आली. काही मुलींच्या तक्रारींच्या बातम्या आल्यावर जूनमध्येच सरकारने तिची सक्रिय शिफारस थांबवली. लस बंद केली नाही. ती मोफतच राहिली, कार्यक्रमातही राहिली, फक्त आम्ही आग्रह करणार नाही, एवढेच. याचा अर्थ पालकांनी काय लावायचा? त्यांनी लावायचा तोच लावला. आधी जिथे ७० टक्क्यांच्या आसपास मुली लस घेत होत्या तिथे प्रमाण एका टक्क्याच्या खाली गेले. कोणता पुरावा आला की फेरविचार होईल, केव्हा होईल, कोण करील, याचे उत्तर लोकांपुढे नव्हते. सक्रिय शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. जवळजवळ नऊ वर्षे गेली, आणि त्या काळातल्या बहुतेक मुली लशीविना राहिल्या.

आतापर्यंत मी तुमच्याकडून लोकांकडे जाणाऱ्या शब्दांबद्दल लिहिले. उलट दिशेने येणाऱ्या शब्दांची अवस्था याहून वाईट आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली तेव्हा सुरुवातीच्या संदेशांत ठासून सांगितले जाई की हा आजार जीवघेणा आहे आणि त्यावर औषध नाही, लस नाही. शब्दशः खरे. ऐकणाऱ्याने काढलेला निष्कर्षही तर्काला धरून होता: औषधच नाही तर रुग्णालयात परक्यांच्या हाती कशाला मरू, घरी आपल्या माणसांत राहीन. म्हणजे घरातल्या आणखी माणसांना संसर्ग. लायबेरियात मृतदेह जाळण्याचा आदेश निघाला, तेव्हा लोक मृतदेह लपवू लागले, रात्री पुरू लागले. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांना, त्यांत पत्रकारही होते, ठार मारले गेले. वर्षअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने अंत्यविधीची नवी पद्धत आणली. संरक्षक पोशाखातले पथक दफन करील, पण कुटुंबाला हजर राहता येईल, प्रार्थना होईल, धर्मगुरू येतील. मानववंशशास्त्रज्ञांनी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते नियमात उतरले. इथे ऐकण्याने नियमच बदलला, आणि नियम बदलल्यामुळे तो पाळला जाऊ लागला.

नायजेरियातल्या कानो राज्यात २००३ मध्ये लशीबद्दलच्या संशयातून पोलिओ लसीकरणावर बहिष्कार पडला आणि ते थांबले. त्या संशयाला निव्वळ अफवा म्हणून हिणवणाऱ्यांना आठवत नव्हते की १९९६ मध्ये, मेंदूज्वराच्या साथीत, त्याच कानोमध्ये एका परदेशी औषध कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी केली होती, तीत मुले दगावली होती आणि पालकांची नीट संमती घेतली गेली नसल्याचा आरोप होता. संशयाला इतिहास होता. बहिष्कार उठला तो लस कुठून येते आणि ती कोण तपासते, यात बदल केल्यावर. तोवर पोलिओ अनेक देशांत पसरला होता.

आमच्या क्षेत्राला यातून मोकळे सोडता येणार नाही. कार्डिफच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांत आरोग्यसल्ला मूळ संशोधनापेक्षा फुगवलेला होता. पत्रक फुगलेले असले की बातमी फुगते, हे अपेक्षितच. पण फुगवल्याने बातम्या फारशा जास्त आल्याही नाहीत! एमएमआर ही गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस. तिचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझम) जोडणाऱ्या १९९८ च्या, १२ मुलांवरच्या त्या कुप्रसिद्ध निबंधातसुद्धा तो संबंध सिद्ध झालेला नाही असे लिहिले होते. एकत्रित लस थांबवण्याची भाषा आली ती पत्रकार परिषदेत. निबंध मागे घेतला जायला २०१० उजाडले. तेव्हा संवादकांना टेबलाशी जागा द्या म्हणताना, त्यांच्या मजकुरावर तुमच्यातल्या कोणाची तरी शास्त्रीय नजर असलीच पाहिजे, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणते.

मागणे काय, ते स्पष्ट लिहिते. विषय समितीसमोर पहिल्यांदा येतो त्या बैठकीपासून एक संवादक तिथे असावा, आणि त्याला प्रश्न विचारण्याचा व तो इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा अधिकार असावा. सही होण्याआधी एक पान तयार व्हावे: आम्हाला काय माहीत आहे, किती खात्रीने, काय माहीत नाही, हा पर्याय का निवडला, कोणता पुरावा आला तर तो बदलू आणि पुन्हा कोणत्या तारखेला पाहू. टंचाई, पैसा किंवा मनुष्यबळ हे कारण असेल तर ते त्याच पानावर. "दुप्पट", "निम्मे" हे शब्द मूळ आकड्याशिवाय छापू नयेत. मदतवाहिनीवर आणि दवाखान्यांत लोक काय विचारतात, त्याचे टिपण प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिले असावे, शेवटचे नव्हे, कारण शेवटच्या विषयापर्यंत निम्मे सदस्य उठून गेलेले असतात. आणि ते पान समितीशी काडीचा संबंध नसलेल्या पाच-दहा माणसांना आधी वाचायला द्यावे. साथीतही त्याला एक दुपार पुरते.

याची किंमत आहे, आणि ती मी लपवत नाही. डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या लोकांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीच्या उणिवाही उघड सांगितल्या तर लस घेण्याची तयारी त्या वेळी कमी होते, पण आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास टिकतो आणि कटकारस्थानांच्या कथांना आळा बसतो, असे त्यात आढळले. म्हणजे पहिल्या आठवड्याचे आकडे कदाचित खाली येतील. त्या आठवड्यात वरून फोन येईल, "ते अनिश्चिततेचं वाक्य कोणी घातलं?" आज अशा फोनला उत्तर देताना पत्रक लिहिणारा एकटा असतो. तुमच्या समितीच्या अध्यक्षांनी त्या फोनवर सांगावे की ते वाक्य आमचे आहे, बैठकीत ठरवून घातलेले आहे आणि ते काढले जाणार नाही. एवढी हमी लेखी मिळाली तर बाकीच्या मागण्यांवर चर्चेला मी केव्हाही येईन.

कळावे,

आपली,
आरोग्यपत्रके लिहिणारी एक संवादक